सायकल मोडून अपघात झाला, तर पुढे काय?

भंगार वितळवून लोखंडी सळ्या करणाऱ्या कारखान्यांमुळे जालना शहराचे नाव महाराष्ट्राबाहेरही पोहोचले आहे. येथील औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत ठिकठिकाणचे जुने लोखंड ओतले जाते आणि त्यातून बांधकामाच्या सळ्या बाहेर पडतात. याच शहरात आणि जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत सायकल हे अजून रोजच्या वापराचे वाहन आहे. शाळेला निघालेली मुलगी, कारखान्याच्या पाळीवर जाणारा कामगार, दोन बाजूंना कॅन अडकवून निघालेला दूधवाला, या सर्वांचा भार ती वाहते. चालता चालता तिचा एखादा भाग तुटतो आणि स्वार रस्त्यावर आदळतो. घरची मंडळी जखमीच्या मागे धावतात, आणि ते योग्यच होय. तुटलेला भाग मात्र दुरुस्तीच्या दुकानातील डब्यात पडतो, तेथून भंगारवाल्याच्या हातगाड्यावर आणि अखेरीस एखाद्या भट्टीत जातो. अपघात का झाला हे सांगू शकणारा बहुधा एकमेव साक्षीदार अशा रीतीने वितळून जातो.

सायकलचे भाग का तुटतात, पडल्यानंतर शरीराची, कागदपत्रांची आणि खुद्द सायकलची काळजी कशी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे. त्यातील एक सूचना आरंभीच सांगितलेली बरी. तुटलेला भाग फेकू नये, घासूनपुसून स्वच्छ करू नये आणि वेल्डिंग करून जोडू तर मुळीच नये.

तुटलेल्या लोखंडाची भाषा

धातू दोन प्रकारे तुटतो. एकाच जबरदस्त धक्क्याने तुटणे हा पहिला प्रकार. ट्रकने धडक दिली किंवा चाक खोल खड्ड्यात आदळले की पोलादी नळी आधी वाकते, ताणली जाते आणि मग फाटते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. धातूला पेलवेल असाच, परंतु पुनःपुन्हा येणारा ताण एखाद्या कोपऱ्यात, आट्यांच्या तळाशी किंवा सांध्याच्या कडेला केसाएवढी भेग पाडतो. प्रत्येक फेऱ्याला ती किंचित पुढे सरकते. उरलेला धातू भार पेलण्यास अपुरा पडला की एखाद्या अगदी सामान्य क्षणी, सपाट रस्त्यावर, तो भाग तुटतो. अभियंते याला धातूचा थकवा म्हणतात.

या थकव्याची पहिली ओळख रेल्वेने करून दिली. मे १८४२ मध्ये फ्रान्समधील व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या दशकांत आउगुस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर प्रदीर्घ प्रयोग केले. एका झटक्यात मोडायला लागणाऱ्या बळापेक्षा कितीतरी कमी बळही, पुरेशा वेळा लावले तर, आस मोडू शकते हे त्याने दाखवून दिले. सायकलच्या बाबतीत या ‘पुरेशा वेळा’ फार लवकर भरतात. २८ इंची चाक एका किलोमीटरला सुमारे साडेचारशे वेळा फिरते. घरापासून पाच किलोमीटरवरील शाळेत वर्षातले दोनशे दिवस जाऊन येणाऱ्या विद्यार्थिनीच्या सायकलचे चाक वर्षाकाठी जवळजवळ नऊ लाख फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आरा एकदा सैल पडून पुन्हा ताणला जातो.

तुटलेला पृष्ठभाग उजेडात धरून पाहिला तर हे दोन प्रकार बहुतेक वेळा साध्या डोळ्यांनाही ओळखता येतात. थकव्याने तुटलेल्या भागावर दोन पट्टे दिसतात. एक गुळगुळीत, काळपट, कधी गंजलेला असतो, आणि त्यावर झाडाच्या बुंध्यातील वर्तुळांसारख्या बारीक कडा उमटलेल्या असतात. ती जुनी भेग. उरलेला पट्टा चमकदार आणि साखरेसारखा खरबरीत असतो. तो अपघाताच्या क्षणी तुटलेला भाग होय. भेगेच्या आत गंज चढलेला असेल तर ती आजची नाही, हे निराळे सांगायला नको. याउलट सबंध पृष्ठभाग ताजा असून नळी वाकलेली असेल, तर अपघात आधी झाला आणि भाग नंतर तुटला असे मानण्यास जागा आहे. ‘सायकल मोडली म्हणून मी पडलो’ आणि ‘मी पडलो म्हणून सायकल मोडली’ या दोन विधानांतील फरक पुढे दवाखान्यातील नोंदीपासून नुकसानभरपाईपर्यंत सर्वत्र आडवा येतो, म्हणून हा पृष्ठभाग जपायचा. तुटलेले दोन तुकडे जुळतात का हे पाहण्यासाठी ते एकमेकांवर घासणे ही स्वाभाविक, पण सर्वांत घातक चूक आहे. त्या घर्षणाने खुणा कायमच्या पुसल्या जातात.

सर्व धातू सारखेच थकतात असे नाही. एका मर्यादेखालील ताण पोलाद जवळजवळ कितीही काळ सोसू शकते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. त्याच्या प्रत्येक भागाचे आयुष्य कोठेतरी संपतेच. अलीकडे शहरांत दिसणाऱ्या महागड्या सायकलींतील कार्बन तंतूंचे भाग तर वाकून इशारा देण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. साध्या काळ्या सायकलीला नावे ठेवणाऱ्यांनी हा तिचा गुण ध्यानात घ्यावा. ती मोडण्यापूर्वी बहुधा वाकते, कुरकुरते, आवाज करते.

कोठे काय तुटते

सर्वांत भयंकर तुटणे पुढच्या चिमट्याचे. चिमट्याचे दोन पाय जेथे एकत्र येतात आणि जेथून वरची दांडी हँडलकडे जाते, त्या सांध्यावर ब्रेकचा आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का एकवटतो. तेथील भेग कप आणि छर्‍यांच्या आड दडलेली असते, त्यामुळे सायकल पूर्ण उघडल्याखेरीज ती दिसत नाही. हँडलजवळ टकटक आवाज येऊ लागला आणि छर्रे बदलूनही तो थांबला नाही, तर चिमटा बाहेर काढून पाहावा. ग्रामीण भागात तडा गेलेल्या चिमट्यावर वेल्डिंगचा टाका मारून देण्याची पद्धत सर्रास आहे. तो टाका मजबूत दिसतो, परंतु त्याच्या कडेचा धातू उष्णतेने बदललेला असतो आणि नवी भेग नेमकी तेथेच सुरू होते. साध्या सायकलचा पोलादी चिमटा काही शे रुपयांत मिळतो. तो वाचवण्यात शहाणपणा नाही.

हँडलची तक्रार निराळी असते. ते मोडण्यापेक्षा फिरते अधिक. आतील पाचर सैल झाली की हँडल वळते आणि चाक सरळच जाते. पुढचे चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल जोराने फिरवून पाहणे ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा आहे. वाढत्या मुलांसाठी हँडल आणि सीट वर उचलताना दांडीवर कोरलेली कमाल उंचीची खूण बाहेर दिसू लागली, तर आत पकड उरलेली नाही असे समजावे.

पायडलच्या क्रँकला धरून ठेवणारी कॉटर नावाची पाचर ही आपल्याकडच्या पारंपरिक सायकलची जुनी डोकेदुखी. ती झिजली की प्रत्येक फेऱ्याला पायाखाली बारीक गचका बसतो. चालवणारा त्याला सरावतो. मग चढावर उभे राहून जोर दिला की कॉटर तुटते, पाय खाली जातो आणि छाती हँडलवर आदळते. पायडलचेही असेच. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे ठाऊक नसलेला घरगुती कारागीर ते जबरीने बसवतो आणि क्रँकचे आटे खाऊन टाकतो. असे पायडल चार-आठ दिवस टिकते. ‘आपोआप निखळले’ असे ज्याचे वर्णन होते, ते अनेकदा असेच बसवलेले असते.

चाकाचे आरे बहुतेक वेळा मागच्या चाकात, साखळीच्या बाजूला आणि हबजवळच्या कोपरात तुटतात. एक आरा तुटणे हा अपघात नव्हे, पण त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो आणि तेही पाठोपाठ जाऊ लागतात. पारंपरिक सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. मागे अधिक आरे देणाऱ्यांनी कॅरियरवरचा भार गृहीत धरला होता. मात्र २०१२-१३ च्या दुष्काळासारख्या काळात पाण्याच्या घागरी आणि कॅन लटकवून मराठवाड्यात सायकली जशा हाकल्या गेल्या, तसा भार कोणत्याही आखणीत बसणार नाही. पुढच्या चाकाला धोका आऱ्यांपेक्षा आऱ्यांत शिरणाऱ्या वस्तूंचा असतो. हँडलला लटकवलेली पिशवी, दप्तराचा लोंबणारा पट्टा किंवा सुटलेली ब्रेकची सळी आऱ्यांत गेली की चाक जागच्या जागी थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. मागच्या चाकात ओढणी अडकते तेव्हा ती गळ्याभोवती आवळली जाते, हे त्याहून वाईट. जाळीचे आवरण ही शोभेची वस्तू समजून काढून टाकणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

ब्रेकविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तो तुटत नाही, तर नाहीसा होतो. सळीच्या ब्रेकचे रबरी गुटके झिजत झिजत धातूच्या खोबणीपर्यंत येतात, पण हे मंद गतीने घडत असल्याने चालवणाऱ्याला जाणवत नाही. पहिल्या पावसात ते एकदम जाणवते. चकचकीत पोलादी रिम ओली झाली की रबराची पकड इतकी घटते की सायकल थांबायला कोरड्या दिवसाच्या कित्येक पट अंतर लागते. जिल्ह्यातील काळ्या मातीची त्यात भर पडते. पावसाळ्यात शेतरस्त्यावरचा चिखल मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये घट्ट बसतो आणि चाक अवेळी थांबवतो. सुकल्यावर तोच चिखल ब्रेकच्या सांध्यात दगडासारखा होऊन सळ्या हलू देत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गुटके बदलणे हा सायकलवरील सर्वांत स्वस्त विमा आहे. तारेच्या ब्रेकमध्ये तार मुठीजवळच्या टोकाशी एकेक तंतूने तुटते. तेथे एक जरी तंतू उसवलेला दिसला तरी तार बदलावी.

एकदा पडलेली सायकल

पडझडीनंतर सायकल ‘चालते आहे ना’ एवढे पाहून तिच्यावर पुन्हा बसणे किती महागात पडू शकते, याचे जगाने पाहिलेले उदाहरण ९ एप्रिल २००६ चे आहे. फ्रान्समधील पॅरिस-रुबे या दगडी रस्त्यांवरून जाणाऱ्या शर्यतीत अमेरिकेचा जॉर्ज हिंकापी आघाडीच्या गटात होता. त्याच दिवशी आधी तो एकदा पडला होता. पुढे वेगात असताना त्याच्या चिमट्याची ॲल्युमिनियमची दांडी तुटली, हँडल हातात आले आणि खांद्याला इजा होऊन शर्यत तेथेच संपली. उत्तम यंत्रज्ञ दिमतीला असलेल्या संघाच्या बाबतीत हे घडते, तर पारावर बसून चिमटा सरळ करणाऱ्यांचे काय?

दोष निर्मितीतही असू शकतो. अमेरिकेच्या ट्रेक कंपनीने एप्रिल २०१५ मध्ये सुमारे दहा लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. पुढचे चाक झटपट काढण्या-बसवण्याची खिट्टी पूर्ण उघडली की डिस्क ब्रेकच्या चकतीत अडकू शकत होती. कंपनीकडे आलेल्या तीन अपघातांपैकी एकात स्वाराच्या हातापायांतील शक्ती कायमची गेली होती. जपानच्या शिमानो कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये, दोन तुकडे चिकटवून बनवलेले सुमारे २८ लाख क्रँक जगभर तपासणीसाठी घेतले. ते तुकडे एकमेकांपासून सुटत होते आणि उत्तर अमेरिकेतच अशा साडेचार हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली होती. ही नोंद आपोआप झाली नाही. सुटलेला क्रँक हजारो ग्राहकांनी दुकानात नेऊन दाखवला, म्हणून ती झाली. आपल्याकडे भाग निमूटपणे बदलला जातो, आणि एकाच जातीचे शंभर भाग तुटले तरी ते शंभर स्वतंत्र दुर्दैवे राहतात.

पडल्यानंतरचा पहिला तास

जखमीला लगेच उचलून उभे करण्याची घाई करू नये. रस्त्यावरील वाहने थांबवून, तो शुद्धीवर आहे का, मान दुखते का, हातापायांची बोटे हलवता येतात का, हे पाहावे. मान किंवा पाठ दुखत असल्यास खांदे व पाय धरून उचलणे टाळावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांसाठी ११२ हा क्रमांक आहे. बेशुद्ध किंवा गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतण्याची आपली जुनी सवय घातक आहे, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

डोक्याला मार लागला असेल आणि क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, तर ‘आता बरे वाटते’ यावर विसंबू नये. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बडबड, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी येणे, यांपैकी काहीही दिसले तर तातडीने मेंदूचे सीटी स्कॅन उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. जिल्हा सामान्य रुग्णालयातून गंभीर रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवले जातात. ते अंतर साठेक किलोमीटरचे आहे, म्हणून निर्णयाला उशीर नको. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी किरकोळ वाटणारा मारही डॉक्टरांना दाखवावा.

मुलांच्या बाबतीत एक दुखापत हमखास नजरेतून सुटते. पडताना हँडलचे टोक पोटात घुसते. बाहेर नाण्याएवढा वळ दिसतो, मूल घरी येऊन खेळतेही, आणि काही तासांनी पोटदुखी, उलट्या, फिकटपणा सुरू होतो. प्लीहा, यकृत, स्वादुपिंड किंवा आतडे यांना इजा झालेली असू शकते. हँडल पोटात लागले होते, हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगितले पाहिजे, कारण मुले ते सांगत नाहीत. हँडलच्या टोकाची रबरी मूठ फाटून नळी उघडी पडली असेल तर ही इजा अधिक खोल होते. दहा-वीस रुपयांची मूठ वेळेवर बदलण्याला म्हणून महत्त्व आहे.

पडताना आपण हात पुढे टेकतो, त्यामुळे मनगट आणि गळ्याचे हाड ही मोडण्याची नेहमीची ठिकाणे. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे निर्दोष आला तरी दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावे. तेथील एका छोट्या हाडाची चीर आरंभी एक्स-रेमध्ये दिसत नाही आणि दुर्लक्षित राहिल्यास मनगट कायमचे अधू होते. खरचटलेल्या जखमा भरपूर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवाव्यात, खडी-माती राहू देऊ नये. हळद, राख, रॉकेल यांचा मोह टाळावा आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. हेल्मेट असेल आणि ते आपटले असेल तर वरून धड दिसले तरी बाद समजावे, कारण आतील फोम एकदाच दबतो.

नोंद, पंचनामा आणि पावती

दवाखान्यात लिहिले जाणारे पहिले वाक्य महत्त्वाचे ठरते. अनेकदा पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून ‘घरात पाय घसरून पडले’ असे सांगितले जाते. हा कागद पुढे बदलत नाही. सायकलवरून पडल्याचे, कोणत्या रस्त्यावर आणि किती वाजता, तसेच चिमटा तुटल्याने किंवा वाहनाने धडक दिल्याने, असे खरे कारण पहिल्याच केसपेपरवर लिहून घ्यावे. सायकल, तुटलेला भाग, रस्ता आणि जखमा यांची छायाचित्रे त्याच दिवशी काढावीत. तुटलेले तुकडे वेगवेगळ्या कोरड्या कागदांत गुंडाळून तारीख लिहून ठेवावेत. पावसाळ्यात वरून प्लॅस्टिकची पिशवी घालावी.

अपघातात मोटार वाहनाचा संबंध असेल तर मार्ग वेगळा. चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार बंधनकारक आहे. मदतीला धावलेल्या नागरिकाला कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याला साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. हद्द कोणत्या ठाण्याची या वादात पडण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला मान्यताप्राप्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. तो सायकलस्वार असला तरी पात्र आहे.

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो आणि तो जखमीच्या राहत्या जिल्ह्यातही चालतो. २०२२ पासून त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी मुदत पाळणे श्रेयस्कर. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची तरतूद असून त्यासाठी महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. उसाच्या हंगामात अंबड-घनसावंगी पट्ट्यात दिवे नसलेल्या ट्रॉल्यांच्या मागे आदळणाऱ्यांनी ट्रॅक्टर उभा असला तरी तो ‘मोटार वाहन’च आहे, हे ध्यानात ठेवावे.

येथे सायकलचा पुरावा दुधारी ठरतो. ब्रेक नव्हते, दिवा नव्हता, मागे परावर्तक नव्हता, सबब चूक सायकलस्वाराचीही होती, असा युक्तिवाद विमा कंपनीचा वकील करणारच. पंचनाम्यात मोटारीचे वर्णन तपशिलाने येते आणि सायकलच्या वाट्याला ‘मोडतोड झालेली’ एवढाच शब्द येतो. ब्रेक लागत होते, परावर्तक जागेवर होता, मागचे चाक धडकेने दुमडले, ही वाक्ये पंचनाम्यात यावीत असा आग्रह जखमीच्या नातेवाइकांनी धरावा. धडकेपूर्वी सायकल सुस्थितीत होती हे सांगण्यासही तेच मोडके लोखंड उपयोगी पडते.

मोटारीचा संबंधच नसेल आणि नवीकोरी सायकल आपोआप मोडली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या या कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल उत्पादक, विक्रेता आणि दुरुस्ती करणारा यांचे दायित्व प्रथमच स्वतंत्रपणे सांगितले आहे. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील देण्याची सक्तीही नाही. सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. दोष तपासल्याशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. भाग हाती नसेल तर पाठवायचे काय, हा प्रश्न तेथे उभा राहतो. वस्तूचा गैरवापर किंवा तीत फेरफार झाला असेल तर दायित्व टळते, हेही कायद्यात आहे. वेल्डिंगचा टाका मारलेला चिमटा म्हणजे उत्पादकाच्या हाती दिलेले उत्तरच.

या जिल्ह्याच्या दृष्टीने पावतीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल खरेदीसाठी अनुदान मिळते आणि जालना जिल्ह्याचा त्यात समावेश आहे. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आली. त्या किमतीत येणाऱ्या सायकलींच्या दर्जाबद्दल पालकांनी जागरूक राहावे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. खरेदीची पावती अनुदानासाठी शाळेत द्यावी लागते. तिची एक प्रत आणि सायकलच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक घरी जपून ठेवावा.

पुन्हा बसण्यापूर्वी

अपघातग्रस्त सायकल बाजूने पाहावी. चिमट्याचे पाय मागे ढकलले गेले असतील तर चाक आणि सांगाड्याची खालची नळी यांतील अंतर कमी झालेले दिसते. हँडलखालच्या सांध्याच्या मागे, दोन्ही नळ्यांच्या खालच्या बाजूने बोट फिरवावे. तेथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा जाणवला तर नळी दुमडली आहे. चाके फिरवून रिम डोलते का ते पाहावे, प्रत्येक आऱ्याला टिचकी मारून आवाज ऐकावा. बद्द वाजणारा आरा सैल आहे. ॲल्युमिनियमचे हँडल किंवा क्रँक वाकला असेल तर तो सरळ करू नये, बदलावा. पोलादी चिमटा सरळ करून वापरणारे पुष्कळ आहेत, पण सरळ करणे म्हणजे दुसऱ्यांदा वाकवणे असते.

भेगेचा संशय असल्यास एक जुनी पद्धत घरीही करता येते. नवी भेद्य रसायने येण्यापूर्वी रेल्वेच्या कर्मशाळांत ती वापरली जाई. भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावावे, दहा-पंधरा मिनिटांनी पूर्ण पुसून काढावे आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरावी. भेग असेल तर आत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येऊन पुडीवर काळपट रेघ उमटवते. ही परीक्षा पुन्हा वापरायच्या भागांवरच करावी. ज्यावरून तक्रार करायची आहे त्या तुकड्याला रॉकेल लावू नये. दुरुस्त झालेली सायकल पहिले काही दिवस घराजवळच, ओझे न लादता चालवावी, आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर नवे आरे, कॉटर आणि हँडलचा बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासून घ्यावेत, कारण नवे बसवलेले भाग सुरुवातीला थोडे सैल पडतातच.